विहीर बांधणारे हात आणि विहीर राखणारे हात

आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबे आज नोकरी-व्यवसायानिमित्त शहरांत स्थायिक झाली आहेत. तथापि ज्या गावाचे नाव आपण कुलवृत्तान्तात अभिमानाने लिहितो, त्या गावी एखादी जुनी विहीर, आड अगर बारव बहुधा असतेच; आणि कोठे कोठे तिच्या काठावरील शिलेवर ती बांधून देणाऱ्याचे नावही कोरलेले आढळते. जलदानास आपल्याकडे थोर पुण्य मानले गेले. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांनी ठिकठिकाणी बांधविलेल्या विहिरी, बारवा व घाट यांमुळे त्यांचे नाव आजही लोकांच्या मुखी आहे. परंतु विहीर बांधून झाल्यावर दरसाल तिचा गाळ कोणी काढला, ढासळलेला कठडा कोणी सावरला, मोडलेला रहाट कोणी उभा केला, याची नोंद कोणत्याही शिलेवर नाही. बांधणाऱ्यांचा इतिहास लिहिला गेला, राखणाऱ्यांचा लिहावयाचा राहिला. गेल्या काही दशकांत पाण्याची सार्वजनिक साधने राखण्याची विद्या आपल्या देशातील खेड्यापाड्यांच्या स्त्रियांनी कशी हस्तगत केली, त्याचा संक्षिप्त वृत्तान्त ज्ञातिबंधू व भगिनींपुढे ठेवावा, हा या लेखाचा हेतू आहे.

पाणी भरणे हे स्त्रियांचे काम, अशी वाटणी आपल्या समाजात फार जुनी आहे. मात्र त्या साधनाची दुरुस्ती, त्याची जागा व त्याचा पैसा यांविषयी निर्णय करणे हे पुरुषांचे काम समजले गेले. दुसरी वाटणी याहून कठोर होती. कित्येक जातींच्या माणसांना सार्वजनिक विहिरीस हात लावण्याचीही मनाई होती आणि त्यांच्या स्त्रियांस घागरी घेऊन कोणीतरी वरून पाणी घालील म्हणून ताटकळत बसावे लागे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून हा हक्क प्रत्यक्ष बजावला. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव व स्नानघाट यांच्या वापराबाबत जातिभेद निषिद्ध ठरविला आणि १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने त्याचा भंग दंडनीय केला. ज्या विहिरींवर आपल्या पूर्वजांची नावे कोरलेली आहेत, त्यांतील किती विहिरी त्या काळी सर्वांस खुल्या होत्या, हा प्रश्न आपण प्रामाणिकपणे स्वतःस विचारावयास हवा.

जुन्या साधनांचा आणखी एक दोष होता. पायऱ्या उतरून ज्या बारवेत माणसे पाण्यात पाय घालीत, तिच्यातून नारूचा रोग फैलावे. नारूचा हातभर लांबीचा किडा रोग्याच्या पायातून बाहेर पडू लागला म्हणजे आग शमविण्यासाठी तो पाय पाण्यात बुडवी. किड्याची पिले पाण्यात सुटत, तेथील सूक्ष्म जलपिसवांच्या पोटात जात आणि तेच पाणी पिणाऱ्यास सुमारे वर्षाने पुन्हा नारू होई. शिल्पदृष्ट्या कितीही सुंदर असली तरी अशी बारव आरोग्यास घातक ठरे. यावर उपाय दोन : पाणी वस्त्रगाळ करून पिणे, आणि ज्यात कोणाचे पाय पडणार नाहीत अशा झाकलेल्या साधनातून पाणी काढणे.

हे झाकलेले साधन म्हणजे आपण ज्यास हापसा म्हणतो तो हातपंप होय. १९६६–६७ चा बिहारमधील दुष्काळ आणि १९७२ चा महाराष्ट्रातील दुष्काळ यांच्या निमित्ताने कठीण खडकात यंत्राने भोके पाडून खोलवरचे पाणी काढण्याच्या कामास वेग आला. तथापि त्यांवर बसविलेले बिडाचे पंप परदेशातील एकेका कुटुंबाच्या वापरासाठी योजिलेल्या नमुन्याचे होते. आपल्याकडे एका हापशावर अवघी वस्ती पहाटेपासून रात्रीपर्यंत लोटे. त्या ताणाने पंपाचे दांडे मोडत, खिळी झिजत आणि हापसा बंद पडे. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास असे आढळून आले की, बसविलेल्या हापशांपैकी सुमारे तीन चतुर्थांश नादुरुस्त आहेत.

या अडचणीवरील तोड प्रथम महाराष्ट्रात निघाली, हे आपणांस भूषणावह आहे. जालना व सोलापूर येथे मिशनच्या पाणीकामातील माणसांनी स्थानिक कारागिरांच्या साहाय्याने पोलादी पंप घडविले. सोलापूरच्या पंपात दांड्याचा जोर साखळीने सरळ सळईवर उतरविण्याची युक्ती होती. तीच पुढे ‘इंडिया मार्क दोन’ या प्रसिद्ध पंपाचा आधार झाली. युनिसेफच्या साहाय्याने त्याची पारख होऊन १९७७–७८ च्या सुमारास मद्रास येथील रिचर्डसन अँड क्रुडास या कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. हा पंप पुढे लाखोंच्या संख्येने भारतात बसला आणि परदेशांतही गेला.

परंतु लोखंड बळकट झाल्याने राखणीचा प्रश्न मिटला नाही. सिलिंडरातील चामडी वायसर झिजल्यावर वरचा पंप धडधाकट असूनही पाणी येईनासे होते. तामिळनाडूत सुरू झालेल्या त्रिस्तरीय पद्धतीत गावात एक राखणदार, विभागास एक मिस्त्री आणि जिल्ह्यास वाहनासह फिरते पथक असे. राखणदाराने कार्ड पाठवावयाचे व पथकाने यावयाचे, अशी योजना होती. ती व्यवस्थित असली तरी कार्ड पोहोचून पथक येईपर्यंत दिवस जात, आणि त्या दिवसांत कोसभर चालून डबक्याचे पाणी आणावे लागे ते स्त्रियांसच. राजस्थानात अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे १९७२ साली स्थापन झालेल्या संस्थेने गावच्याच अल्पशिक्षित तरुणांस हापसा-मिस्त्री म्हणून शिकविण्याचा पायंडा पाडला. पदवीधर अभियंत्यावाचून हे काम होते, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

त्यापुढचे पाऊल स्वाभाविक होते. हापसा बंद पडल्याची झळ जिला पहिल्याच प्रहरी लागते, तिलाच पाना द्यावा, हा विचार राजस्थानातील बांसवाडा, डुंगरपूर व उदयपूर या आदिवासीबहुल भागांत १९८६ पासून चाललेल्या ‘स्वच्छ’ योजनेत कृतीत आला. नारूचे उच्चाटन हा तिचा एक प्रमुख हेतू होता. तेथे गावच्या आदिवासी स्त्रियांस हापसे दुरुस्त करण्याचे शिक्षण देण्यात आले. भारतातील नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानातच आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. या यशात अनेकांचा वाटा आहे, आणि पाना चालविणाऱ्या त्या स्त्रियांचाही आहे.

हे काम अंगमेहनतीचे आहे, हे शहरी वाचकांस सांगणे अवश्य आहे. मार्क दोन पंपाचे सिलिंडर जमिनीखाली खोल असते आणि ते वर घ्यावयाचे तर त्यावरील सर्व नळ बाहेर काढावे लागतात. पंप तीस मीटर खोल असेल तर तीन-तीन मीटरांचे दहा लोखंडी नळ एकामागून एक तिवईच्या आधारे वर ओढावयाचे, चिमट्यात आवळून धरावयाचे, जोड सोडवावयाचे, वायसर बदलावयाचे व पुन्हा त्याच क्रमाने सर्व खाली उतरवावयाचे. चिमटा सैल झाला तर नळांची सारी माळ बोअरात जाते. एकटीचे हे काम नाही, म्हणून स्त्रिया जथ्याने शिकल्या. पुढे निघालेल्या ‘मार्क तीन’ पंपात नळ रुंद ठेवल्याने ते न काढताच आतील दट्ट्या व झडप वर घेता येऊ लागली. राखणाऱ्याच्या हातांचा विचार करून यंत्र बदलले, हे येथे ध्यानात घ्यावे.

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्याचे आहे. बुंदेलखंडाचा हा खडकाळ व पाण्यास दुर्मीळ मुलूख. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर सुरू झालेल्या महिला समाख्या कार्यक्रमाने १९९० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत तेथे स्त्रियांस हापसा-दुरुस्तीचे शिक्षण दिले. शिकणाऱ्या स्त्रिया प्रामुख्याने दलित व कोल समाजाच्या असून बहुतेकींस अक्षरओळख नव्हती. बायकांस हे जमणार नाही असे म्हणणारे पुष्कळ होते, आणि यांनी हात लावलेले पाणी कसे प्यावे, ही शंका त्याहून जुनी होती. तथापि तहानेपुढे हट्ट फार दिवस टिकत नाही. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानीत, त्यांच्याच हातांनी उतरविलेल्या नळांतून आलेले पाणी सर्व वस्ती पिऊ लागली.

पुढे एक निराळीच गोष्ट घडली. कोणत्या गावचा हापसा केव्हा दुरुस्त केला, कोणता भाग घातला, याची टिपणे ठेवण्याची गरज पडली आणि त्या स्त्रियांनी आपण होऊन लिहावयास शिकविण्याची मागणी केली. साक्षरतेची शिबिरे भरली. शिकलेले विसरू नये म्हणून ‘महिला डाकिया’ हे पत्रक निघाले. त्याच परंपरेतून २००२ साली, बांद्यातून वेगळ्या झालेल्या चित्रकूट जिल्ह्यात, ग्रामीण स्त्रियांनी चालविलेले ‘खबर लहरिया’ हे वृत्तपत्र जन्मास आले. अक्षरे आधी व धंदा मागून, असा आपला नित्याचा समज. येथे पाना आधी हाती आला व त्यामागून लेखणी आली.

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुटे भाग वेळेवर न मिळाल्यास कुशल हातही रिकामे राहतात. मेहनताना ठरलेला नसल्यास हे काम सेवेच्या नावाखाली फुकटच्या श्रमाचे होते, आणि घागरीबरोबर पान्याचाही भार स्त्रीच्याच डोक्यावर येतो. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावी पाच स्त्रियांस पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. तीही हत्यार, सुटे भाग व वेतन यांच्या पाठबळावाचून कागदावरच राहील. विद्या दिली म्हणजे अधिकार व मोबदलाही द्यावा लागतो.

आपल्या ज्ञातीत दानशूरांची उणीव नाही. आपल्या मूळ गावी पाण्यासाठी काही करावे, अशी इच्छा ज्या कुटुंबांस आहे, त्यांस एक नम्र सूचना करावीशी वाटते. नवे साधन बांधण्यापूर्वी गावात बंद पडलेले किती आहेत ते मोजावे. देणगीचा एक भाग तिवई, पाने, चिमटे व वायसर यांसाठी, आणि एक भाग गावच्या सर्व वाड्यावस्त्यांतून निवडलेल्या स्त्रियांच्या शिक्षणासाठी व मेहनतान्यासाठी राखून ठेवावा. निवड करताना ज्ञाती पाहू नये, कारण जमिनीखालील झरा ती पाहत नाही. आणि शिला बसवावयाचीच असेल, तर दात्याच्या नावाखाली त्या साधनाची राखण करणाऱ्या स्त्रियांची नावेही कोरावीत. पूर्वजांच्या विहिरींवर जी ओळ कोरावयाची राहिली, ती या पिढीस लिहिता येईल.