दिवस अपुरे, वाढही अपुरी : अशा बाळांचे पुढे काय होते?

‘सातव्या महिन्यातले जगते, आठव्यातले जगत नाही’, ही समजूत खेड्यापाड्यांत आजही ऐकू येते. वैद्यकशास्त्राला ती मान्य नाही. आईच्या उदरात बाळ सुखरूप वाढत असेल, तर प्रत्येक आठवड्यागणिक त्याच्या जगण्याची शक्यता वाढतच जाते. तरीही ही समजूत रुजली कशी, याचा विचार करण्याजोगा आहे. पूर्वी दिवसांचा नेमका हिशेब नसे आणि बाळाच्या आकारावरूनच महिना ठरविला जाई. तेव्हा ‘सातमासी’ म्हणून वाचलेली कित्येक बाळे प्रत्यक्षात पुऱ्या दिवसांची, केवळ वाढ खुंटलेली असावीत. लहानखुरे बाळ आणि लवकर जन्मलेले बाळ यांतील हा घोळ अद्यापही पुरता मिटलेला नाही.

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले बाळ ते अपुऱ्या दिवसांचे. जन्मतः २,५०० ग्रॅमपेक्षा कमी भरलेले बाळ ते कमी वजनाचे. या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. तिसावा आठवडा संपताना जन्मलेल्या बाळाचे वजन १,३०० ग्रॅम असेल, तर ते बहुधा आपल्या वयाला साजेसेच असते. मात्र चौतिसाव्या आठवड्यात साधारण सव्वादोन किलो अपेक्षित असताना तेवढेच वजन भरले, तर बाळाची वाढ गर्भातच खुंटली आहे, असा अर्थ होतो. त्याच आठवड्यात जन्मलेल्या शंभर बाळांपैकी सर्वांत हलक्या दहांत मोडणाऱ्या बाळाला ‘वयाच्या मानाने लहान’ म्हणतात. अशा तुलनेसाठी २०१४ मध्ये जे आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध झाले, त्यांच्या आठ केंद्रांत ऑक्सफर्ड, नैरोबी, मस्कत यांच्या जोडीला आपले नागपूरही होते.

वाढ खुंटण्याचे मूळ बहुतेकदा वारेत असते. आईचा वाढलेला रक्तदाब, रक्तक्षय, अर्धपोटी शरीर, कोवळ्या वयातील किंवा पाठोपाठची गर्भधारणा, तंबाखू आणि मिश्री यांमुळे बाळाकडे जाणारे रक्त व पोषण कमी पडते. मग गर्भ काटकसर करतो. मिळेल ते रक्त आधी मेंदूकडे व हृदयाकडे वळवितो; चरबी, स्नायू, यकृत, आतडी यांचा वाटा कापला जातो. म्हणूनच अशा बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे दिसते आणि हातापायांची कातडी सैल लोंबते.

पुढे वार अधिकच थकली, की डॉक्टरांपुढे पेच उभा राहतो. बाळ आत ठेवावे तर गुदमरण्याची भीती, बाहेर काढावे तर फुफ्फुसे कच्ची. कित्येकदा अपुऱ्या दिवसांची प्रसूती हा अपघात नसून नाइलाजाने केलेला उपचार असतो. नाळेतील रक्तप्रवाह डॉपलर सोनोग्राफीने पाहून ही वेळ ठरवितात. युरोपातील पाच देशांत ‘ट्रफल’ नावाचा अभ्यास झाला. त्यात २६ ते ३२ आठवड्यांतील अशा गर्भांवर बारकाईने लक्ष ठेवण्यात आले. दोन वर्षांनंतर त्यांतील सुमारे ८२ टक्के मुले मेंदूच्या गंभीर दोषाविना जगत असल्याचे दिसले. हे आकडे सुसज्ज रुग्णालयांतील आहेत, हे विसरता येत नाही. पण वेळेवर निदान झाले तर काय साधते, याची कल्पना त्यावरून येते.

जन्मानंतरचे पहिले काही दिवस कसोटीचे. साठविलेली चरबी नसल्याने बाळ झपाट्याने गार पडते आणि रक्तातील साखर उतरते. श्वसनाचा त्रास, जंतुसंसर्ग, आतड्यांचा दाह हे धोके केवळ लवकर जन्मलेल्या बाळापेक्षा या दुहेरी उणिवेच्या बाळाला अधिक. यावरचा एक प्रभावी उपाय बिनखर्चाचा आहे. आईच्या उघड्या छातीशी बाळाला सतत धरून ठेवणे, म्हणजेच ‘कांगारू मातृसेवा’. दिल्लीसह पाच ठिकाणी झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर ही सेवा सुरू केल्याने एक ते १.८ किलोंच्या बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी हे काम करू शकत नाही. तिच्या धुराने उलट कोवळ्या फुफ्फुसांना अपायच होतो. बाळगुटी, मध आणि घाईने घातलेली अंघोळ याही अशा बाळाला वर्ज्य.

उपचार खेड्यात पोचू शकतात, हे गडचिरोलीने दाखविले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळाची निगा शिकविली. तेथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. लहानपण हे एकटे क्वचितच मारते, त्यात जंतुदोष, गारठा, दूध ओढता न येणे यांची भर पडली की बाळ दगावते, असेही या कामातून दिसले. आज ‘आशा’ कार्यकर्त्या घरी येऊन बाळाचे वजन करतात, ती पद्धत याच अनुभवातून आली.

वाचलेल्या बाळांचे पुढे काय होते, याचे उत्तर पुण्यात मिळते. केईएम रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागातून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. एवढा दीर्घ पाठपुरावा आपल्याकडे दुर्मीळ. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सुमारे ८९ होता, तर पुऱ्या दिवसांच्या व पुऱ्या वजनाच्या सोबत्यांचा ९७. लवकर जन्मलेली आणि वाढही खुंटलेली मुले ८५ च्या आसपास, म्हणजे सर्वांत मागे होती. उंचीतही तीच मागे राहिली. ही सरासरी सर्वसाधारण मर्यादेतलीच होती. मुले शाळेत जात होती. अडत होते ते लिहिताना आणि गणितात. ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसविलेल्या मुलाच्या अडचणीचे मूळ कधीकधी प्रसूतिगृहाच्या कागदावर सापडते, हे शिक्षकांना क्वचितच सांगितले जाते.

दुसरा धोका मोठेपणीचा. पुण्याजवळील सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात आपली बाळे दिसायला बारीक, परंतु आतून तुलनेने चरबीयुक्त असल्याचे आढळले. गर्भात उपाशी राहिलेले शरीर पुढे भरपूर खाण्याला सरावले, की मधुमेह व हृदयविकार लवकर गाठतात. म्हणून ‘बाळसे धरू दे’ या हौसेला मर्यादा हवी. मातेच्या दुधावर वजन वाढणे उत्तम. बिस्किटे आणि साखरपाण्यावर नव्हे.

हिंगोलीतील वाट

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे पाच तालुके आहेत. अतिगंभीर बाळाला येथून बहुधा नांदेड गाठावे लागते. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात होते. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधे व मनुष्यबळ यांची चर्चा झाली. प्रवासाचा प्रश्न मात्र मागेच राहिला. दीड-दोन तास गाडीतून आलेले दीड किलोचे बाळ पोचेपर्यंत गार पडलेले असू शकते. धोका आधी कळला तर बाळाऐवजी गरोदर मातेलाच हलविणे केव्हाही श्रेयस्कर. ३४ आठवड्यांपूर्वी कळा सुरू झाल्यास बाळाची फुफ्फुसे पक्व करणाऱ्या इंजेक्शनची पहिली मात्रा पाठविण्यापूर्वीच देण्याची मुभा आरोग्यसेविकेला २०१४ पासून आहे.

या साऱ्याला हवा दिवसांचा अचूक हिशेब. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी तो सर्वांत नेमका देते. परंतु तपासणी सासरच्या गावी, बाळंतपण माहेरी, आणि हंगामात ऊसतोडीला गेलेले कुटुंब तिसऱ्याच मुलखात, अशा धावपळीत तो कागद हरवतो. विसाव्या आठवड्यानंतर टेपने मोजलेली पोटाची उंची सेंटिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकी भरते. ती तीन सेंटिमीटरने किंवा त्याहून मागे पडली, तर पुढील तपासणी हवी. यासाठी टेप पुरते. मात्र दरवेळची नोंद एकाच कार्डावर हवी आणि ते कार्ड मातेसोबत फिरायला हवे.

घरी आल्यावर सर्वाधिक राहून जाते ती डोळ्यांची तपासणी. दोन किलोंहून कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाचा दृष्टिपटल चौथ्या आठवड्यापर्यंत तपासावा लागतो. बाळ अगदीच लहान असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. उशीर झाल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते. ऐकण्याची तपासणीही त्याच सुमारास करून घ्यावी. बसणे, रांगणे, बोलणे यांचा हिशेब मात्र अपेक्षित तारखेपासून धरतात. दोन महिने आधी जन्मलेले बाळ आठव्या महिन्यात सहा महिन्यांच्या बाळासारखे वागले, तर ते मागे नाही. लसीला ही सवलत नाही. ती जन्मतारखेप्रमाणेच द्यायची असते.