जुनापाणीची शिळावर्तुळे : महाराष्ट्रातील प्राचीन दफनस्थळांचा एक अभ्यास

प्रस्तावना

पुनावळे हे मुळा-पवना खोऱ्यातील एक जुने गाव. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि त्यानंतरच्या काळात येथील शेतजमिनींवर गृहसंकुले उभी राहिली. या परिसरातील महाविद्यालयांत इतिहास शिकणारा विद्यार्थी कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी पाहतो, लोहगड-विसापूर चढतो. परंतु लेण्यांच्याही पूर्वीचा महाराष्ट्र त्याच्या पाहण्यात सहसा येत नाही. पाठ्यपुस्तकात "महापाषाणयुग" या विषयाला एखादा परिच्छेद मिळतो व तो परीक्षेपुरता वाचला जातो. वास्तविक या कालखंडाचे अवशेष महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, उघड्या माळावर व टेकड्यांवर आजही उभे आहेत. नागपूरजवळील जुनापाणी हे त्यांपैकी सर्वाधिक परिचित स्थळ होय. प्रस्तुत लेखात या स्थळाचे स्वरूप, त्याच्या संशोधनाचा इतिहास व त्यातून दिसणारा समाज यांचा विचार केला असून, पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील दफनपद्धतीशी त्याची तुलना केली आहे.

संज्ञाविचार

मृताचे अवशेष ठेवून त्यावर दगडगोट्यांचा ढीग रचण्याची पद्धत जगाच्या अनेक भागांत होती. अशा ढिगाला इंग्रजीत "केर्न" म्हणतात. हा शब्द मूळचा स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला. विदर्भात या ढिगाभोवती मोठ्या शिळांचे कडे रचलेले असते, म्हणून मराठीत "शिळावर्तुळ" ही संज्ञा रूढ झाली. या अवशेषांना सैलपणे "प्रागैतिहासिक" म्हटले जाते, तथापि ती संज्ञा काटेकोर नाही. वर्तुळे रचणाऱ्या लोकांना लोखंड पूर्णपणे अवगत होते. त्यांचे लेखन मात्र उपलब्ध नाही. विदर्भातील या संस्कृतीचा काळ स्थूलमानाने इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकाचा मानला जातो. त्यामुळे "आद्य ऐतिहासिक" किंवा "लोहयुगीन" असा उल्लेख करणे अधिक योग्य ठरते.

स्थळाचे स्वरूप

नागपूर शहरातून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेल्यावर जुनापाणीचा परिसर लागतो. वाट चढत जाते, पण चढ मोठा नाही. सह्याद्रीचे कडे पाहण्याची सवय असलेल्या अभ्यासकाला या टेकड्या प्रथमदर्शनी टेकड्याच वाटत नाहीत. बेसाल्टचा उघडा खडक, त्यावर मातीचा पातळ थर, खुरटे गवत व विरळ झुडपे असे येथील भूदृश्य आहे.

येथे सुमारे ३०० शिळावर्तुळे असल्याची नोंद आहे. पहिल्या नजरेत ती दिसत नाहीत. माळावर दगड विखुरलेले आहेत एवढेच जाणवते. एका वर्तुळाची कड पायाने फिरून पाहिली की दगड विखुरलेले नसून मांडलेले आहेत हे लक्षात येते, आणि त्यानंतर दुसरे, तिसरे वर्तुळ आपोआप दिसू लागते. कडेला मोठ्या शिळा एकमेकींना लागून बसवलेल्या असतात. आतील भाग माती व दगडगोट्यांनी भरलेला असून मध्यभागी थोडा फुगीर असतो. कालौघात पावसाने हा उंचवटा बराच बसला आहे.

काही शिळांवर मुद्दाम कोरलेले वाटीसारखे लहान खळगे आढळतात. ते एकेकटे नसून बहुधा रांगेने असतात. त्यांचा अर्थ काय, याविषयी दीडशे वर्षे चर्चा चालू आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे खळगे वर्तुळाच्या कोणत्या दिशांना येतात याची मोजणी करून त्यांचा खगोलनिरीक्षणाशी संबंध असण्याची शक्यता मांडली. ही शक्यता सर्वमान्य झालेली नाही, परंतु तिच्यामुळे केवळ थडगी म्हणून पाहिल्या गेलेल्या या रचनांकडे पाहण्याची एक नवी दिशा मिळाली, हे मान्य करावे लागते.

वर्तुळांची जागा हाही विचारात घेण्याजोगा मुद्दा आहे. विदर्भातील काळी कसदार जमीन नदीनाल्यांच्या काठी आहे. वर्तुळे मात्र बहुतांशी खडकाळ, नांगर न लागणाऱ्या जमिनीवर आढळतात. शिळा जवळच मिळत होत्या हे याचे एक कारण आहेच. पण शेतीची जमीन जिवंतांसाठी राखून उंचावरील माळ मृतांसाठी सोडण्याचा विचारही त्यामागे असावा असे दिसते.

संशोधनाचा इतिहास

विदर्भातील शिळावर्तुळांकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वेधले गेले. नागपूर येथील स्कॉटिश मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे भूशास्त्राचे व आदिवासी समाजांचेही अभ्यासक होते. सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे तत्कालीन प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्यासोबत ते टाकळघाट येथील वर्तुळे पाहण्यास गेले. परतताना बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे अप्रकाशित लेखन टेंपल यांनी १८६६ साली संपादित करून प्रसिद्ध केले. नागपुरातील हिस्लॉप महाविद्यालयाचे नाव सर्वांना ठाऊक असते. त्या नावाचा शिळावर्तुळांच्या अभ्यासाशी असलेला हा संबंध मात्र फारसा सांगितला जात नाही.

त्यानंतर सनदी अधिकारी जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी जुनापाणीच्या वर्तुळांचे व शिळांवरील खळग्यांचे वर्णन १८७९ साली एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. स्कॉटलंड व इंग्लंडमधील अशाच खळग्यांशी त्यांनी तुलना केली. एका वंशाच्या लोकांनी ही पद्धत सर्वत्र नेली असावी, असे मानण्याकडे त्या काळातील अभ्यासकांचा कल होता. आज हे मत टिकत नाही. मोठे दगड रचून मृतांचे स्मरण करण्याची कल्पना वेगवेगळ्या समाजांना स्वतंत्रपणे सुचू शकते. शिवाय युरोपातील बहुतेक महापाषाणीय रचना विदर्भातील वर्तुळांहून हजारो वर्षे जुन्या आहेत.

शास्त्रशुद्ध उत्खननाचा टप्पा स्वातंत्र्योत्तर काळातला. १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने बी. के. थापर यांच्या नेतृत्वाखाली जुनापाणी येथील वर्तुळांचे उत्खनन केले. पुढे नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा व माहुरझरी येथे काम केले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नैकुंड येथे डॉ. देव व डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी उघडकीस आली. या भट्टीमुळे वर्तुळांत मिळणारे लोखंड बाहेरून आणलेले नसून स्थानिक कारागिरांनी तयार केले होते, या मताला भक्कम आधार मिळाला.

दफनातील वस्तू आणि समाज

विदर्भातील वर्तुळांत मानवी अवशेष अनेकदा अपुरे, काही हाडांच्याच रूपात मिळतात. याचा अर्थ मृतदेह प्रथम अन्यत्र ठेवून नंतर निवडक अस्थी येथे आणल्या जात असाव्यात. मृत्यू आणि दफन या दोन घटनांमध्ये काही काळ जात असे. तेवढ्या काळात शिळा जमवणे, माणसे गोळा करणे व विधीची तयारी करणे शक्य होत असावे. मोठ्या शिळा हलवून वर्तुळ रचणे हे एका कुटुंबाचे काम नव्हे. म्हणजेच प्रत्येक वर्तुळ हा एका व्यक्तीच्या मृत्यूइतकाच एका समूहाच्या एकत्र येण्याचाही पुरावा ठरतो.

अस्थींसोबत काळी-तांबडी मृद्भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर व बाणाग्रे, तांब्याच्या वस्तू आणि मौल्यवान दगडांचे मणी मिळतात. काही ठिकाणी सोन्याचे अलंकारही मिळाले आहेत. सर्व वर्तुळांत मात्र सारख्याच वस्तू नाहीत. कोठे भरपूर अवजारे आहेत, तर कोठे काही भांडी एवढेच. यावरून समाजात प्रतिष्ठेचे थर निर्माण झाले होते, असे अनुमान काढता येते.

सर्वांत लक्षवेधी बाब म्हणजे घोडा. जुनापाणी, माहुरझरी, नैकुंड इत्यादी ठिकाणी दफनांसोबत घोड्याचे अवशेष मिळाले. माहुरझरीस घोड्याच्या मस्तकावरील तांब्याचा साजही मिळाला आहे. लोखंडी लगामाच्या कड्याही विदर्भातील दफनांत आढळतात. घोड्याला साज चढवून मृताबरोबर पाठवणाऱ्या समाजात घोडेस्वाराला विशेष मान असणार, हे उघड आहे.

मृतांसाठी इतका दगड रचणाऱ्या या लोकांची स्वतःची घरे मात्र माती-लाकडाची होती. दफनस्थळे शेकड्याने दिसतात, वसाहती थोड्याच सापडतात. त्यामुळे या समाजाविषयीची बरीचशी माहिती त्याच्या मृत्यूविधींतूनच मिळते व तिला स्वाभाविक मर्यादा आहेत. दफनात ठेवलेली कुऱ्हाड रोज वापरली जात होती की केवळ विधीसाठी घडवली होती, यासारखे प्रश्न निष्कर्ष काढताना विसरता येत नाहीत.

इनामगाव आणि जुनापाणी

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या दीर्घ कालावधीतील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची ही वसाहत. येथे मृतांना गावाबाहेर नेले जात नसे. लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत व घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. प्रौढांना खड्ड्यात आडवे ठेवत. बहुतेक वेळा घोट्याखालील पाऊल तोडलेले असे. मृताने उठून निघून जाऊ नये, अशी समजूत त्यामागे असावी असे अभ्यासकांनी सुचवले आहे.

इनामगाव ओसाड होण्याचा काळ आणि विदर्भात वर्तुळे रचली जाण्याचा काळ एकमेकांच्या जवळ येतात. एका ठिकाणी मृत घरात राहतो, दुसऱ्या ठिकाणी तो उंच माळावर जातो. एका ठिकाणी त्याची खूण जमिनीखाली लपलेली आहे, दुसऱ्या ठिकाणी ती लांबून दिसावी अशी रचलेली आहे. हे एकाच समाजातील परिवर्तन नव्हे. प्रदेश, अर्थव्यवस्था व परंपरा भिन्न आहेत. तरीही ही तुलना उपयुक्त आहे. इनामगावात मृत हा मुख्यतः कुटुंबाचा राहतो. जुनापाणीत तो साऱ्या समूहाचा होतो. गाई-गुरे व घोडे घेऊन फिरणाऱ्या, कुरणांवर हक्क सांगणाऱ्या समाजाला पूर्वजांची अशी दृश्य खूण जमिनीवरील हक्काची साक्ष म्हणूनही उपयोगी पडली असेल.

मृतांसाठी शिळा उभारण्याची प्रथा गडचिरोली जिल्ह्यातील माडिया समाजात आधुनिक काळापर्यंत टिकून राहिली. पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव दिसणारे वीरगळही स्मरणशिळाच आहेत. या सर्वांना एका सरळ रेषेत जोडणे इतिहासाच्या दृष्टीने धाडसाचे होईल. दगडावर स्मृती सोपवण्याची गरज महाराष्ट्रात वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या समाजांना वाटली, इतकेच निश्चितपणे म्हणता येते.

आजची स्थिती

नागपूर जिल्ह्यातील अनेक शिळावर्तुळे केंद्र शासनाच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहेत. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्रापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे व त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित आहे. कायदा स्पष्ट आहे; अडचण स्मारकाच्या स्वरूपात आहे. लेण्याला दरवाजा लावता येतो, किल्ल्याला तटबंदी असते. दोनअडीच फूट उंचीच्या शिळांचे कडे हे स्मारक आहे, हे ज्याला सांगितलेले नाही त्याला ते बांधाला उपयोगी पडणारे दगडच वाटतात. एक शिळा उचलली की वर्तुळ तुटते. चार शिळा उचलल्या की ते पुन्हा ओळखताही येत नाही. वाढणारे शहर, रस्ते व दगडखाणी यांच्या रेट्यात ज्या वर्तुळांची नोंदच झालेली नाही ती प्रथम जातात.

पिंपरी-चिंचवड परिसरातील अध्यापकांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. भोसरीचे जुने नाव भोजापूर असल्याचे व तेथे प्राचीन मोठ्या शिळा असल्याचे परंपरेने सांगितले जाते. आज त्याच भोसरीची ओळख औद्योगिक वसाहत अशी आहे. पुनावळे, मारुंजी, जांबे, रावेत या पट्ट्यातील माळ व टेकड्यांवरही बांधकामे वेगाने वाढली. सपाटीकरणाचे यंत्र एकदा फिरल्यावर तेथे पूर्वी काय होते, हे सांगणारे साधन उरत नाही.

निष्कर्ष

जुनापाणीच्या वर्तुळांवरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकात विदर्भात लोखंड गाळणारा, घोडा बाळगणारा व सामूहिक श्रम संघटित करू शकणारा समाज नांदत होता. दुसरी, या समाजाची मृत्यूविषयक दृष्टी इनामगावच्या शेतकऱ्यांपेक्षा भिन्न होती व या भिन्नतेत महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाची विविधता दिसते. तिसरी, असे अवशेष टिकण्यासाठी कायद्याइतकीच ओळख आवश्यक आहे.

ही ओळख करून देण्याचे काम महाविद्यालये करू शकतात. इतिहास व भूगोल विभागांनी संयुक्तपणे आपल्या परिसरातील वीरगळ, जुनी देवस्थाने, माळावरील दगडी रचना यांची स्थाननिश्चिती, मोजमाप व छायाचित्रे यांसह नोंद करावी आणि उत्खननाच्या फंदात न पडता ती पुरातत्त्व विभागाकडे द्यावी. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. मोजपट्टी, नकाशा व काही रविवार पुरेसे आहेत. टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप यांना प्राण गमवावे लागले. आज जुनापाणीस नागपुरातून अर्ध्या तासात पोहोचता येते, पण तेथील शिळांना आता तितका सवड देणारा काळ राहिलेला नाही.