निवडुंगाला बी धरेना? घरच्या घरी हाताने परागीभवन असं करतात

पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री गल्लीत कुणाच्या तरी अंगणात 'ब्रह्मकमळ' फुलतं. शेजारीपाजारी जमतात, मोबाईलवर फोटो निघतात आणि सकाळी फूल मान टाकतं. बेळगाव असो, फोंडा असो की इंदूर, दृश्य सारखंच. हे झाड मुळात निवडुंग आहे. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. पण आपल्याकडच्या या फुलाला फळ आलेलं किती जणांनी पाहिलं आहे? जवळपास कुणीच नाही. ज्याला सगळे पान म्हणतात ते या झाडाचं चपटं खोड. त्याचा तुकडा तोडून एका घरातून दुसऱ्या घरात दिला जातो. त्यामुळे दहा घरांतली दहा झाडं बहुतेक वेळा एकाच झाडाचे तुकडे असतात.

निवडुंगाची पैदास करू पाहणारे बरेचजण नेमके इथंच अडकतात. बहुसंख्य निवडुंग स्वतःचा पराग स्वीकारत नाहीत. त्याच जातीच्या, पण वेगळ्या बियांपासून वाढलेल्या दुसऱ्या झाडाचा पराग त्यांना लागतो. एका कुंडीतली पिल्लं वेगळी करून चार कुंड्या केल्या तरी झाड एकच राहतं. त्यांचा पराग एकमेकांना कितीही चोळला तरी बी धरत नाही. त्यामुळे नर्सरीतून एकाच जातीची दोन झाडं घेताना ती बियांपासून केलेली आहेत की पिल्लं काढून, हे आधी विचारावं. अपवाद आहेत. मेलोकॅक्टस आपसूक फळतो, आणि फ्रेलिया तर कधी कधी कळी न उघडताच बी देऊन मोकळा होतो.

आणखी एक घोळ नावाचा. मराठीत बांधावरच्या त्रिधारीलाही निवडुंगच म्हणतात, पण तो युफोर्बिया, म्हणजे वेगळं कूळ. चीक निघतो का एवढंच पाहून ठरवू नये, काही मॅमिलारियांनाही पांढरा चीक असतो. खऱ्या निवडुंगाला काटे जिथून फुटतात तिथं बारीक लवदार गादी असते, ती खूण पक्की. निवडुंग आणि युफोर्बिया यांचा संकर होत नाही.

सुरुवात करायला अ‍ॅस्ट्रोफायटम बरा. मेक्सिको आणि टेक्सासचा हा गोल, काही जातींत बिनकाट्याचा निवडुंग आपल्याकडच्या उन्हाळ्यात पिवळी फुलं देतो. फूल दिवसा उन्हात उघडतं, संध्याकाळी मिटतं आणि दोन-तीन दिवस टिकतं. मध्यभागी कुक्षी असते, तिला बोटांसारखे फाटे. हे फाटे पसरले की ती पराग घ्यायला तयार झाली असं समजावं. भोवतीच्या पुंकेसरांवरची पिवळी पूड म्हणजे पराग. रंगकामाचा बारीक, कोरडा कुंचला एका फुलाच्या पुंकेसरांवर फिरवून दुसऱ्याच्या कुक्षीवर टेकवावा. मग उलट दिशेनंही तेच. जात बदलताना कुंचलाही बदलावा, नाहीतर कुणाचं बी कुणाचं हे कळत नाही. पराग भिजला तर वाया जातो, म्हणून पावसाळ्यात कुंडी आधीच आडोशाला घ्यावी. बेळगाव आणि गोव्याकडे तर हे हवंच.

दोन फुलं एका दिवशी फुलतील याची खात्री नसते. अशा वेळी पुंकेसर चिमट्यानं काढून कागदात सुकवायचे, सिलिका जेलच्या पुडीसह बंद डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचे. काही दिवस तरी पराग कामाचा राहतो.

ड्रॅगन फ्रूटवालेही हेच करतात, फक्त रात्री. सोलापूर-सांगलीकडे आणि विजयपूर भागात हे पीक घेतलं जातं. गुजरात सरकारने 2021 मध्ये त्याला 'कमलम' नाव दिलं. तोही निवडुंगच. त्याच्या लाल गराच्या काही वाणांना दुसऱ्या वाणाचा पराग लागतो. गच्चीवर एकच वेल लावून 'फुलं येतात, गळतात' अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हे तपासावं. फूल पहाटेनंतर मिटत जातं, त्यामुळे कुंचला घेऊन रात्रीच वर जावं लागतं. फळ साधारण महिनाभरात तयार होतं.

अ‍ॅस्ट्रोफायटमचं फळ काही आठवड्यांत पिकून फुटतं. बी सांडून मुंग्यांनी नेण्याआधी त्यावर जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा बांधावा. चिठ्ठीवर आधी आईझाडाचं नाव, मग गुणिले चिन्ह, मग बापझाडाचं, आणि तारीख. कंटाळा येतो, पण चिठ्ठी नसलेलं रोप पुढच्या पैदाशीला निरुपयोगी.

गर धुऊन बी सावलीत सुकवावं. बारीक वाळू आणि चाळलेलं कोकोपीट यांच्या मिश्रणावर उकळतं पाणी ओतून ते निवू द्यावं. बी वर नुसतं पसरावं, पुरू नये. डबा झाकून उजेडात ठेवावा, पण थेट उन्हात नाही. अ‍ॅस्ट्रोफायटमचं ताजं बी दोन-चार दिवसांतसुद्धा उगवतं. यानंतरचा शत्रू बुरशी. एक रोप पाणचट झालं की तेवढ्या भागाची माती उचलून टाकावी, नाहीतर दोन दिवसांत सगळा डबा जातो. ग्वाल्हेरच्या मेमध्ये उलटी पंचाईत होते, बंद डबा भट्टीसारखा तापतो. तिथं पेरणी फेब्रुवारीत उरकलेली बरी.

पैदास म्हणजे नुसतं बी धरणं नव्हे, खरं काम निवडीचं. जपानी बागायतदारांनी दाट पांढऱ्या ठिपक्यांचा 'सुपर काबुटो' पिढ्यान्‌पिढ्या निवड करूनच टिकवला. संकराच्या पहिल्या पिढीत मनासारखं काही दिसलं नाही म्हणून रोपं फेकू नयेत. त्याच पिढीतल्या भावंडांचा आपसात संकर केला की दडलेले गुण दुसऱ्या पिढीत वर येतात. मात्र बियांपासून फुलापर्यंत अ‍ॅस्ट्रोफायटमला तीन ते पाच वर्षं लागतात. घाई असेल तर ड्रॅगन फ्रूटच्या खुंटावर कलम करतात. नर्सरीत हिरव्या तिधारी दांड्यावर जो लाल गोळा मिळतो, त्याचा दांडा तोच. त्या लाल गोळ्यात हरितद्रव्य नसतं, म्हणून खुंटाशिवाय तो जगत नाही.

अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास ही जात जंगलातून उपटून विकल्यामुळे तिच्या मूळ भूमीत धोक्यात आली. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात ती पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे. घरात बियांपासून केलेलं रोप कुणी विकत घेतलं तर जंगलातलं एक कमी उपटलं जाण्याची शक्यता वाढते. परदेशातून बी मागवायचं तर आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. टपालाने गुपचूप आलेली पुडी कायद्यात बसत नाही.

एवढ्या जाती फुललेल्या बघायच्या असतील तर इंदूरकरांना रतलामजवळच्या सैलानाच्या राजवाड्यातली निवडुंगबाग एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहे.