आमच्या घरची पताका



दिंडीचा इतिहास जाणती मंडळी लिहितीलच. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. आम्ही सांगतो ते आमच्या घरच्या पेटीतल्या पताकेबद्दल.

वारी फार जुनी. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. पुढे आरफळच्या हैबतबाबांनी माउलींच्या सोहळ्याला शिस्त घालून दिली. आज माउलींच्या रथापुढं २७ दिंड्या चालतात, बाकीच्या मागं. दिंडीत सगळ्यात पुढं पताकावाले, मग टाळकरी, मधी मृदंग, मागं विणेकरी आणि शेवटी तुळस डोईवर घेतलेल्या मायबाया. म्हणजे दिंडीची ओळख आधी पताकेनं होते.

शंभर वर्षांपूर्वी आपली दिंडी निघाली, तेव्हा आमच्या पणजोबांच्या खांद्यावर ही पताका होती. जाड मांजरपाट, गेरूत बुडवलेला, हातशिलाईचा. नंतर आजोबांनी वाहिली, मग वडिलांनी. त्या काळचा लिहिलेला कागद आमच्याकडं एकही नाही. पण कापड नीट पाहिलं तर वाचता येतं. काठीकडची कड वाऱ्यानं झिजलेली. पावसानं गेरू ओघळून पट्टे उमटलेले. मधोमध एक हिरवं ठिगळ आहे. दुसऱ्या महायुद्धात कापड कंट्रोलवर होतं, नवं मिळेना. तेव्हा आमच्या आजीनं आपल्या लुगड्याचा पदर फाडून ते लावलं.

आता शताब्दीला काही मंडळी म्हणाली, पताका धुवून, पुन्हा रंगवून यंदा पुढं नाचवू. कुणी म्हणालं, हिरवं ठिगळ शोभत नाही, काढून जरीची किनार लावू आणि काचेत बसवू. प्रेमापोटीच म्हणाली. पण आम्ही हात जोडून नाही म्हटलं. आजी कितीतरी वाऱ्या चालली, पण तिचं नाव दिंडीच्या कुठल्याच वहीत नाही. त्या काळी बायांची नावं कोण लिहीत होतं? तिची नोंद म्हणजे ते ठिगळ. ते काढलं तर आजी दिंडीतून गेलीच म्हणायची.

२०२० साली कोरोनामुळं पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.नं पंढरीला गेल्या. त्या आषाढीला आम्ही घरीच पेटी उघडून दर्शन घेतलं. घडी पडलेल्या जागी सूत तुटायला आलेलं दिसलं. तेव्हापासून घडी बंद. जाड पुठ्ठ्याच्या नळीला धुतलेलं, खळ नसलेलं पांढरं कापड गुंडाळतो आणि त्यावर पताका सैल गुंडाळून ठेवतो. खळीला कसर लवकर लागते. वेखंडाची पुरचुंडी पेटीच्या कोपऱ्यात असते, कापडाला लागू देत नाही. पावसाळा सरला की सावलीत उघडून पाहतो, उन्हात कधीच नाही. पाणी, साबण, इस्त्री काही लावायचं नाही.

सोहळ्याच्या दिवशी पताका देवळात तिरक्या फळीवर पसरून ठेवू. टाचणी नाही, खिळा नाही. वर काच असेल, पण कापडाला न टेकणारी. माउलींनो, एकच विनंती. तिला हळदकुंकू वाहू नका, हार घालू नका, समई-उदबत्ती लांब ठेवा. तेलाचा एक डाग शंभर वर्षांनीही निघत नाही. लांबून हात जोडलेले तिला पोचतात. दिवस मावळला की ती पुन्हा पेटीत जाईल.

आणि वारीत पुढं कोण? नवी पताका. गेरू तोच, काठी तीच, खांदा नातीचा. जुन्या कापडानं आपली चाल पुरी केली. तिला पुन्हा वाऱ्यात ओढणं म्हणजे थकल्या म्हाताऱ्याला रिंगणात पळवणं.

तुमच्याही घरी जुना टाळ, विणा, एखादी अभंगाची वही असेल. उजळायला जाऊ नका. कुणाची, कधीची, ते एका चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवा. आणि बायांची नावं आधी लिहा.

रामकृष्ण हरी.