वेग पोशाखाचा की पोहणाऱ्याचा?

कारखान्यात नवे यंत्र आले आणि उत्पादन वाढले की एक जुना वाद नव्याने उभा राहतो. मालक म्हणतो, ही यंत्राची करामत. कामगार म्हणतो, ही आमच्या हातांची. कामगार चळवळीत आयुष्याची बरीच वर्षे गेल्यामुळे हा वाद आम्ही पुष्कळ वेळा ऐकला आहे आणि स्वतः घातलाही आहे. त्यातून एक गोष्ट आम्ही शिकलो. यंत्राचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे भांडून ठरत नाही. यंत्र काढून घ्यावे, त्याच माणसाला पुन्हा त्याच कामाला लावावे आणि मग मोजावे, तेव्हाच ते कळते. कारखान्यात असा प्रयोग करू देणारा मालक आम्हांला अजून भेटलेला नाही. परंतु जगात एका ठिकाणी तो खरोखरीच झाला, आणि तो झाला पोहण्याच्या शर्यतीत. त्याचीच ही हकीकत आहे.

प्रथम पाण्याचा स्वभाव समजून घेऊ. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे. पोहणाऱ्याला ते तीन तऱ्हांनी अडवते. कातडीवर घासून अडवते. शरीराच्या आडव्या येणाऱ्या आकाराला पुढून रेटून अडवते. आणि पोहताना ज्या लाटा उठतात, त्या उठवण्यात त्याची शक्ती खर्ची पाडते. म्हणजे पोशाखाला मदत करावयाची असेल, तर त्याने अंग गुळगुळीत केले पाहिजे, शरीर आवळून सडसडीत केले पाहिजे, किंवा ते पाण्यात थोडे वर उचलून धरले पाहिजे. ह्याखेरीज पोशाखाच्या हाती फारसे काही नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी पोशाख मदत करीत नसे, उलट ओढून धरीत असे. लोकरीचा किंवा सुती अंगरखा पाणी पिऊन जड होई. 1914 साली अलेक्झांडर मॅक्रे ह्या स्कॉटिश गृहस्थाने ऑस्ट्रेलियात विणकामाचा धंदा सुरू केला, आणि त्यातूनच 1928 साली 'स्पीडो' हे नाव पुढे आले. हात मोकळे राहावेत म्हणून ह्या पोशाखाची पाठ कापलेली असे. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्लेअर डेनिस ही ऑस्ट्रेलियन मुलगी तो घालून उतरली, तेव्हा तिचे खांदे फार उघडे दिसतात अशी तक्रार झाली. तक्रार फेटाळली गेली आणि 200 मीटरचे सुवर्णपदक तिने जिंकले. पुढे नायलॉन आले. तोपर्यंतची सारी सुधारणा अडथळा कमी करण्याची होती. पोशाख स्वतः वेग देतो, असे कोणी म्हणत नव्हते.

तसे म्हणण्याची पाळी 1973 साली आली. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या स्त्रियांना पोहण्यात एकही सुवर्णपदक मिळाले नव्हते. पुढच्याच वर्षी बेलग्रेडला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली, तेव्हा त्यांनी स्त्रियांच्या 14 शर्यतींपैकी 10 जिंकल्या. त्यांच्या अंगावर कातडीसारखा चिकटून बसणारा, पातळ, नवा पोशाख होता. झाले! पुष्कळांनी श्रेय पोशाखाला दिले आणि इतर देशांनीही तसे पोशाख मिळवले. तरी 1976 साली माँट्रियलला स्त्रियांच्या 13 पैकी 11 सुवर्णपदके पूर्व जर्मनीकडेच गेली. शर्ली बाबाशॉफ ह्या अमेरिकन मुलीने उघडपणे औषधांचा संशय बोलून दाखवला, तर वृत्तपत्रांनी तिलाच चिडखोर ठरवले. जर्मनी एक झाल्यानंतर कागदपत्रे बाहेर आली. कोवळ्या मुलींना शासनाच्या योजनेने पुरुषी संप्रेरकांची औषधे दिली जात होती आणि अनेकींना आपण काय गिळतो आहोत, हे ठाऊकही नव्हते. 2000 साली बर्लिनच्या न्यायालयाने त्या व्यवस्थेच्या दोघा प्रमुखांना शारीरिक इजेस साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरवले.

ही हकीकत आम्ही मुद्दाम सांगितली. हत्यार डोळ्यांना दिसते, म्हणून यशाचे श्रेय चटकन त्याच्या नावे मांडले जाते. त्या गदारोळात त्या मुलींच्या शरीराचे काय होत आहे, हे पाहण्याचे राहून गेले. श्रेयाचा हिशेब चुकला की अन्यायाचाही हिशेब चुकतो.

2000 च्या सिडनी ऑलिंपिकपूर्वी 'फास्टस्किन' नावाचा पोशाख आला. शार्क माशाच्या कातडीवर बारीक दातेरी खवले असतात. त्यांच्या नमुन्यावर ह्या कापडाचा पृष्ठभाग विणला आहे, अशी त्याची जाहिरात होती. कल्पना मोठी मोहक होती. परंतु 2012 साली हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज लाउडर आणि त्यांच्या सहकाऱ्याने प्रयोग केला. पाण्यात पंखासारख्या हलणाऱ्या पट्ट्यांवर एकदा खरी शार्कची कातडी आणि एकदा हे कापड चढवून त्यांनी वेग मोजला. खऱ्या कातडीने वेग वाढला. ती घासून गुळगुळीत केली तेव्हा तो घटला. कापडाच्या पृष्ठभागाने मात्र तसा भरवशाचा लाभ दिला नाही. शरीर आवळून धरण्याचा काही उपयोग होत असेल; शार्कचे नाव मात्र नावापुरतेच निघाले.

दोन वेळा फसलेला माणूस तिसऱ्या वेळी म्हणेल, पोशाखाच्या साऱ्याच गोष्टी थापा आहेत. आणि नेमका येथेच तो पुन्हा फसेल.

फेब्रुवारी 2008 मध्ये 'एलझेडआर रेसर' हा पोशाख बाजारात आला. त्याच्या कापडांची चाचणी अमेरिकेच्या 'नासा' संस्थेच्या वाऱ्याच्या बोगद्यात झाली होती. त्याला शिवण नव्हती. जोड ध्वनिलहरींनी सांधलेले होते आणि जागोजाग पॉलियुरेथेनचे पट्टे होते. ते पाणी शोषत नसत आणि शरीराला कमरपट्ट्यासारखे आवळीत. किंमत सुमारे 500 अमेरिकी डॉलर, आणि थोड्याच शर्यतींत तो निकामी होई. जपानचा कोसुके किताजिमा दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध होता. जून 2008 मध्ये त्याने हा पोशाख चढवून 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा जागतिक उच्चांक 2 मिनिटे 7.51 सेकंदांवर आणला. त्याच स्पर्धेत, पोहणारा मीच आहे, अशा अर्थाचे शब्द छापलेला सदरा घालून तो लोकांसमोर आला होता. पोशाखाच्या चर्चेत आपण नाहीसे होत आहोत, हे त्या माणसाला खुपले असले पाहिजे. आम्हांला ते पूर्ण समजते.

बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे 25 जागतिक उच्चांक झाले आणि त्यांपैकी 23 ह्या एका पोशाखात. मग इतर कंपन्यांनी पुढची पायरी गाठली आणि पोशाख सबंधच पॉलियुरेथेनचा केला. त्यातून पाणी आत शिरेना, हवा अडकून राही आणि शरीर पाण्यावर अधिक तरंगे. 2009 सालच्या रोमच्या जागतिक स्पर्धेत 43 जागतिक उच्चांक झाले. मायकेल फेल्प्सचे प्रशिक्षक बॉब बोमन ह्यांनी, हे थांबेपर्यंत आपला खेळाडू उतरवणार नाही, अशी तंबी दिली. त्याच जुलै महिन्यात रोमला भरलेल्या 'फिना' ह्या आंतरराष्ट्रीय संघाच्या अधिवेशनाने 168 विरुद्ध 6 मतांनी हे पोशाख बंद करण्याचा कौल दिला. 1 जानेवारी 2010 पासून फक्त कापडी पोशाख राहिला. पुरुषांना बेंबीपासून गुडघ्यापर्यंत, स्त्रियांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत.

यंत्र काढून घेतले, माणसे तीच राहिली. आरंभी सांगितलेला प्रयोग तो हाच. आता मोजू.

100 मीटर मुक्त शैलीत रोमला 2009 साली ब्राझीलच्या सेझार सिएलोने 46.91 सेकंद घेतले. 2011 साली शांघायला विजेत्याला 47.63 लागले. ऑलिंपिकचे विजेते पाहा : 2008 साली 47.21, 2012 साली 47.52, 2016 साली 47.58. आठ वर्षांत माणूस शिकतो, प्रशिक्षण सुधारते. मागच्या पायाला टेकू देणारे उडीचे नवे ठोकळेही ह्याच काळात रूढ झाले. तरीही विजेता मागेच राहिला. पन्नास मीटरच्या तलावात पोशाखबंदीनंतरचा पहिला जागतिक उच्चांक व्हायला जुलै 2011 उजाडला. तो रायन लॉक्टीने केला. तेव्हा प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. होय, त्या दोन वर्षांच्या पोशाखांनी वेग दिला.

पण ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. जर्मनीचा पॉल बीडरमान 2008 साली 200 मीटर मुक्त शैलीत 1 मिनिट 46.00 सेकंदांत पाचवा आला होता. रोमला सबंध पॉलियुरेथेनच्या पोशाखात त्याने 1 मिनिट 42.00 सेकंदांत फेल्प्सला हरवले. फेल्प्सला 1 मिनिट 43.22 लागले. पोशाखाने आपल्याला मदत झाली, हे बीडरमानने प्रामाणिकपणे कबूल केले. 2011 साली कापडी पोशाखात तेच दोघे पुन्हा उतरले. फेल्प्सची वेळ 1 मिनिट 44.79, बीडरमानची 1 मिनिट 44.88. म्हणजे एक दीड सेकंदाने मंदावला, दुसरा जवळजवळ तीन सेकंदांनी, आणि क्रम उलटला. ह्या फरकातला प्रत्येक शतांश पोशाखाच्या माथी मारता येणार नाही; माणसाचे दिवस सारखे नसतात. तरीही सगळ्यांना सारखाच लाभ मिळाला असेल, असे ह्या आकड्यांवरून कोणी म्हणणार नाही. सर्वांना सारखेच उचलणारे साधन असेल, तर शर्यत फक्त जलद होते. कमीअधिक उचलणारे असेल, तर विजेताच बदलतो. शिवाय लांब अंतरावर त्याचा जोर कमी पडला. ग्रँट हॅकेटचा 1500 मीटरचा 2001 सालचा उच्चांक ही दोन्ही वर्षे ओलांडून टिकला आणि 2011 साली कापडी पोशाखातल्या सुन यांगने तो मोडला.

पोशाख बंद झाले, पण त्यांतले उच्चांक नोंदवहीत तसेच राहिले. जी मुले 2010 नंतर पोहू लागली, त्यांना आधीच्यांचे साधन नाकारले आणि आधीच्यांच्या वेळेशी मात्र तोलले. आम्ही ह्याला न्याय म्हणणार नाही. कारखान्यात जुन्या यंत्रावर नव्या यंत्राचा कोटा मागितला, तर आम्ही दारात उभे राहू.

आणि तरीही ती मुले पोहत राहिली. ऑगस्ट 2022 मध्ये रोमच्या त्याच तलावात रुमानियाच्या सतरा वर्षांच्या डेव्हिड पोपोविचीने 46.86 सेकंदांत सिएलोचा उच्चांक मोडला. त्याला तेरा वर्षे लागली होती. बीडरमानचा 400 मीटरचा 3 मिनिटे 40.07 सेकंदांचा उच्चांक एप्रिल 2025 मध्ये त्याच्याच देशाच्या लुकास मार्टेन्सने 3 मिनिटे 39.96 सेकंदांवर आणला. त्याला सोळा वर्षे लागली. पोशाखाने एका उन्हाळ्यात जे दिले, ते माणसाला आपल्या अंगबळावर मिळवायला इतका काळ लागला. परंतु त्याने ते मिळवले, आणि ह्या वेळी श्रेय कोणाचे, असा वाद कोणी घातला नाही.