स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची घरगुती शुश्रूषा

स्मृतिभ्रंश हा स्मरणशक्ती, भाषा, निर्णयक्षमता आणि दैनंदिन व्यवहार यांचा क्रमशः ऱ्हास घडवणाऱ्या मेंदूविकारांचा लक्षणसमूह होय. त्यास डिमेन्शिया असेही म्हणतात. अल्झायमर हा त्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार साठ वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना, हा विकार आहे. यांतील बहुतेकांचा सांभाळ घरीच होतो आणि तो बहुधा पत्नी, मुलगी किंवा सून करते.

निदान

‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने मराठी घरांत या विकाराचे निदान लांबवण्यास हातभार लावला आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. विसरणे हे वार्धक्याचे स्वाभाविक लक्षण समजून वैद्यकीय तपासणी टाळली जाते. वस्तुतः ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड ग्रंथीची मंदावलेली क्रिया किंवा नैराश्य यांमुळेही अशीच लक्षणे दिसू शकतात आणि ती उपचारांनी सुधारू शकतात. अल्झायमरवर डोनेपेझिल, मेमँटिन इत्यादी औषधे दिली जातात. त्यांनी लक्षणे काही काळ सौम्य होतात, विकार बरा होत नाही.

संवाद आणि वर्तन

शुश्रूषेतील सर्वांत अवघड भाग म्हणजे रुग्णाची चूक सुधारण्याचा मोह आवरणे. ऐंशी वर्षांचे आजोबा ‘आई कुठे आहे?’ असे विचारतात, तेव्हा ती केव्हाच वारल्याचे सांगितल्यास त्यांना ते दुःख प्रत्येक वेळी नव्याने होते. त्याऐवजी आईविषयी, तिच्या हातच्या स्वयंपाकाविषयी त्यांना बोलते करणे अधिक उपयुक्त ठरते. कातरवेळी अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते. स्वतःच्याच घरात बसून ते ‘घरी जायचे’ असा हट्ट धरतात. अंधार पडण्यापूर्वी दिवे लावणे आणि त्या सुमारास पाहुण्यांची वर्दळ टाळणे यांनी फरक पडतो. मात्र गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढल्यास मूत्रमार्गाचा संसर्ग, निर्जलीकरण, बद्धकोष्ठता किंवा एखाद्या औषधाचा परिणाम यांची शंका घेऊन डॉक्टरांकडे जावे.

नवे विसरले तरी जुने पुष्कळ काळ टिकते. पाढे, स्तोत्रे, अभंग अनेकांना उशिरापर्यंत म्हणता येतात. स्नानाला नकार देणारी व्यक्ती ओळखीच्या अभंगाबरोबर सहज तयार होते, असेही घडते. मटार सोलणे, वाती वळणे, कपड्यांच्या घड्या घालणे अशी हातांच्या सवयीची कामे द्यावीत. ती नीटनेटकी झालीच पाहिजेत असा आग्रह नसावा.

संशय हे विशेष क्लेशकारक लक्षण आहे. रुग्ण पैसे किंवा दागिना स्वतःच लपवतो, विसरतो आणि जी व्यक्ती अहोरात्र सेवा करते तिच्यावरच चोरीचा आळ घेतो. परगावचा मुलगा तासाभरासाठी येतो तेव्हा तीच व्यक्ती व्यवस्थित बोलते. परिणामी ‘आईला काही झालेले नाही, सूनच सांभाळत नाही’ असा समज नातलगांत पसरतो. तो टाळण्यासाठी नातलगांनी एक दिवस-रात्र रुग्णासोबत एकट्याने काढावी, हा उपाय सर्वांत परिणामकारक म्हणावा लागेल.

सुरक्षितता

न्हाणीघराच्या दाराची आतली कडी काढणे, सरकणारी पायपुसणी उचलणे, रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद ठेवणे आणि औषधे कुलपात ठेवणे आवश्यक असते. रुग्ण घराबाहेर पडून वाट चुकू शकतो. म्हणून खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी आणि शेजारी, वाणी व रिक्षाथांब्यावरील मंडळींना कल्पना द्यावी. पुढच्या टप्प्यात गिळणे अवघड होते. तेव्हा ताठ बसवून मऊ अन्न लहान घासांनी भरवावे. पातळ पदार्थाने ठसका लागत असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

कायदेशीर बाबी

मृत्युपत्र करताना व्यक्तीची मानसिक अवस्था सक्षम असावी लागते. भारतीय करार कायद्यानुसार, मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाल्यास सामान्यतः ते संपुष्टात येते; अनेक कुटुंबांना ही गोष्ट फार उशिरा कळते. त्यानंतर मालमत्तेच्या व्यवहारांसाठी न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. त्यामुळे निदान होताच, रुग्णाला समजते आहे तोवर, त्याची इच्छा विचारून ही कामे करणे इष्ट ठरते.

शुश्रूषा करणारी व्यक्ती

अपुरी झोप, एकटेपणा आणि नैराश्य हे शुश्रूषा करणाऱ्यांचे नेहमीचे त्रास आहेत. आठवड्यातून काही तास तरी दुसऱ्याने जबाबदारी घेणे ही चैन नसून गरज आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी उपलब्ध आहे.

चित्रपटात

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘अस्तु’ या मराठी चित्रपटात मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. हा पंडित रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या मागे निघून जातो आणि त्याची मुलगी त्याला शोधत फिरते. माहुताच्या पत्नीच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना ६१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.