वरुण, व्हल्कन आणि मूळ संख्या

“हें तुम्ही खात्रीनें सांगतां काय?” असा प्रश्न ज्योतिर्विदाला केला काय किंवा गणितज्ञाला केला काय, दोघेहि “होय” म्हणतील; पण त्या दोन होकारांचा अर्थ एक नसतो. हा भेद व्याख्यांपेक्षां एका माणसाच्या हकीकतीवरून अधिक चांगला कळेल. तो माणूस म्हणजे फ्रेंच ज्योतिर्विद् उर्बें लव्हेरिए.

१७८१ सालीं हर्शलनें प्रजापति, म्हणजे युरेनस, हा ग्रह शोधून काढला. पुढील साठ वर्षांत या ग्रहाची गति न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाशीं कांहीं केल्या जुळेना. लव्हेरिएनें नियम खरा धरला, पलीकडचा एखादा अदृष्ट ग्रह प्रजापतीस ओढीत असावा असें मानलें, आणि त्या ग्रहाचें स्थान कागदावर काढलें. त्याचें पत्र बर्लिनच्या वेधशाळेंत गाले याच्या हातीं २३ सप्टेंबर १८४६ रोजीं पडलें. त्याच रात्रीं, सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आंत, वरुण म्हणजे नेपच्यून सांपडला. युरोपभर जयजयकार झाला, व तो योग्यच होता. मात्र त्या आनंदांत एक गोष्ट बाजूला राहिली. नव्या ग्रहाचें सूर्यापासूनचें अंतर लव्हेरिएनें पृथ्वीच्या अंतराच्या सुमारें ३६ पट काढलें होतें. प्रत्यक्षांत तें ३० पटच निघालें. अंतर चुकलें, तरी त्या वर्षापुरती दिशा बरोबर आली!

तेंच शस्त्र त्यानें पुढें बुधावर चालविलें. बुधाच्या कक्षेंतील सूर्याला सर्वांत जवळचा बिंदु हळूहळू सरकत असतो. इतर ग्रहांचें आकर्षण हिशेबांत धरूनहि शतकाला ३८ विकलांचें सरकणें शिल्लक राहतें, असें त्यानें १८५९ सालीं दाखविलें. आजचा आंकडा ४३ विकला आहे. यावर उपाय पूर्वीं फळलेलाच: बुधाच्या आंतल्या बाजूस आणखी एक ग्रह असला पाहिजे. लेस्कार्बो नांवाच्या एका खेड्यांतील डॉक्टरानें सूर्यबिंबावरून जाणारा काळा ठिपका आपण पाहिला असें कळविलें. लव्हेरिए स्वतः त्याच्या घरीं जाऊन उलटतपासणी करून आला, आणि ग्रहाचें ‘व्हल्कन’ असें बारसेंहि झालें. डॉक्टराला सरकारी सन्मान मिळाला. ग्रह तेवढा पुन्हां निश्चितपणें कोणाला दिसला नाहीं. १८७७ सालीं लव्हेरिए वारला. योगायोग असा कीं, तो दिवसहि २३ सप्टेंबरच होता. पुढें नोव्हेंबर १९१५ मध्यें आइन्स्टाइननें दाखवून दिलें कीं, ग्रहाची गरजच नाहीं. सूर्याच्या सन्निध न्यूटनचा नियमच अपुरा पडतो. त्याच्या नव्या उपपत्तींतून त्या ४३ विकला आपोआप निघाल्या.

दोन्ही वेळां गणित करणारा हात एकच होता, व रीतहि एकच होती. ‘नियम असा असेल आणि ग्रह एवढेच असतील, तर बिंदु इतकाच सरकेल’ या जातीचें विधान आइन्स्टाइननंतरहि अबाधित आहे. ढासळलें तें ‘असेल तर’ याच्या आड उभें असलेलें गृहीत. आणि त्या गृहीताला तर पावणेदोनशें वर्षांच्या वेधांचा पाठिंबा होता.

आतां युक्लिडकडे पाहूं. मूळ संख्यांची यादी कधींच पुरी होत नाहीं, हें त्यानें सुमारें तेवीसशें वर्षांपूर्वीं सिद्ध केलें. कोणतीहि मर्यादित यादी घ्या; तींतील सर्व संख्यांचा गुणाकार करून त्यांत एक मिळवा. आलेल्या संख्येला यादींतील कोणत्याहि संख्येनें भागलें तरी बाकी एक उरते. अर्थात् तिचा मूळ अवयव यादीबाहेरचाच असला पाहिजे. झाली सिद्धता! येथें दुर्बिणीचें काम नाहीं, व उद्यांच्या वेधाची धास्तीहि नाहीं. या निर्भयतेची किंमत एवढीच कीं, आकाशांत काय आहे याविषयीं युक्लिडची ही सिद्धता एक अक्षरहि बोलत नाहीं.

परंतु गणितांतहि नुसत्या पडताळ्यानें फसगत होते. दिलेल्या मर्यादेच्या आंत मूळ संख्या किती असाव्या, याचा अंदाज गाउसनें लहानपणींच बांधला होता. ही हकीकत त्यानें १८४९ सालीं एंके याला पत्रानें कळविली. ज्याच्या वेधशाळेंत वरुण सांपडला तोच हा एंके. दहा लक्षांच्या आंत ७८,४९८ मूळ संख्या आहेत, आणि गाउसचें सूत्र त्याहून सुमारें १३० अधिक सांगतें. जेथें जेथें मोजून पाहिलें तेथें तेथें सूत्र अधिकच सांगे. पदार्थविज्ञानांत एवढा पुरावा मिळता, तर तो नियम म्हणून पाठ्यपुस्तकांत गेला असता. १९१४ सालीं केंब्रिजच्या लिटलवुडनें सिद्ध केलें कीं, पुढें कोठेंतरी हें सूत्र कमी सांगूं लागतें, आणि असे पालट अनंत वेळां होतात. एकावर एकोणीस शून्यें येथपर्यंत असा एकहि प्रसंग येत नाहीं, हें आज ठाऊक आहे. ३१७ आंकडी संख्यांच्या प्रदेशांत तो खास येतो, हेंहि ठाऊक आहे. तेथवर एक एक संख्या मोजीत जाणें कोणत्याहि यंत्राच्या आवांक्यांतलें नाहीं, तरी त्याविषयीं शंका म्हणून उरलेली नाहीं.

याच्या उलट गोल्डबाखचें पहा. दोहोंहून मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हा विचार त्याच्या व ऑयलरच्या १७४२ सालच्या पत्रव्यवहारांतून पुढें आला. चारांवर अठरा शून्यें येथपर्यंत तो पडताळून झाला आहे. गणितज्ञ त्याला अजूनहि तर्कच म्हणतात.